नव्या मॅनेजरची वाक्यं

आमच्या घरात टीव्हीसमोर बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. नायना, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून. त्यांच्या डाव्या कानाशी मी. आणि दाराजवळ, उजेडात, अम्मा मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत. नायनांना डाव्याच कानानं थोडंफार ऐकू यायचं, उजवा पार गेला होता. लग्नाच्या आधीपासून ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवत होते. एका शेडमध्ये दिवसभर माग खडखडत असले की माणसाच्या कानाचं जे होतं तेच त्यांच्या कानांचं झालं. कारखान्यात त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, तिथं सगळेच ओठ बघून बोलतात. अडचण घरी यायची. टीव्हीसमोर तर जास्तच, कारण टीव्हीतला माणूस आपल्याकडे तोंड करून बोलेलच असं नाही.

मी नववीत होते तेव्हा ती मालिका सुरू झाली. आम्ही तिला नुसतं ‘लॉज’ म्हणायचो. तालुक्याच्या एका गावात एसटी स्टँडसमोर जुनाट लॉज, त्याचा हडकुळा मॅनेजर, एक स्वयंपाकीणबाई, आणि एक गिऱ्हाईक, जे एका दिवसासाठी म्हणून आलं होतं आणि परत गेलंच नव्हतं. मालक कधी दिसायचा नाही, त्याचा फक्त फोन यायचा. एवढ्यावर अख्खं पहिलं पर्व चाललं.

सगळा जीव त्या मॅनेजरमध्ये होता. तो कधीच हसायचा नाही. कुणी समोर आलं की आधी रजिस्टर उघडायचा, बोट जिभेला लावून पान उलटायचा, आणि मग मान वर करायचा. एकदा एक प्रवासी तणतणत आला, “रूममध्ये डास आहेत!” मॅनेजरनं रजिस्टरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “नोंद नाही. तुम्ही एकटेच आलात.” दुसऱ्या एकानं विचारलं, “गरम पाणी कधी येतं?” तर म्हणाला, “उन्हाळ्यात.” सोलापूरच्या माणसाला यात विनोद कमी आणि माहितीच जास्त वाटेल, पण नायना त्या ‘उन्हाळ्यात’वर चार दिवस हसत होते.

ही वाक्यं मी त्यांच्या कानात सांगायची. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण मालिका मराठी तर तिच्याबद्दलचं बोलणंही मराठीत, असा नायनांचा हट्ट होता. त्याचं कारण साधं होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांना ते वाक्य जसंच्या तसं सांगायचं असायचं. मला त्याची इतकी सवय झाली, की पडद्यावरचं वाक्य संपायच्या आत मी त्याचा पहिला शब्द त्यांच्या कानात टाकलेला असायचा. आधी टीव्हीतली माणसं हसायची, मग अम्मा, आणि मग श्वासभर थांबून नायना. त्या श्वासभरात मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. हसतील का? सांगण्यात काही सुटलं का? आणि मग ते हसायचे, खांदे हलवत, आवाज न करता. ते हसू मी आणलेलं असायचं. नववीतल्या मुलीला एवढं मोठं काम दुसरं कोण देणार?

अम्माची गंमत वेगळी होती. तिची नजर सुपातून हलायची नाही. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. तिनं त्या मॅनेजरचं तोंड नीट पाहिलं होतं की नाही कोण जाणे. ती नुसती ऐकायची आणि नायना नुसते बघायचे.

दुसरं पर्व आलं तेव्हा लॉजला रंग दिलेला होता. किल्ल्या अडकवायचा फळा मोठा झाला होता, जिन्याला कठडा आला होता. मला ते खटकलं. नायनांना विचारलं तर म्हणाले, “मालकानं काम काढलं असंल की.” त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक विनोदानंतर आता ढॅण करून काहीतरी वाजायचं, पण ते त्यांना ऐकूच यायचं नाही. मी मात्र त्या आवाजानं दचकायची. तरी मॅनेजर तोच होता. तेच रजिस्टर, तेच बोट. तो असला तर बाकी काहीही चालेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच दिवशी तो नव्हता. त्याचा चॉकलेटी स्वेटर होता, त्याची खुर्ची होती, आणि स्वेटरमध्ये एक गोल चेहऱ्याचा दुसराच माणूस बसला होता. कुणी काही बोललं नाही. स्वयंपाकीणबाईनं त्याला चहा दिला, त्या एका दिवसाच्या गिऱ्हाइकानं “काय मॅनेजर” म्हणून हाक मारली, मालकाचा फोन आला. सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं केलं, की हा तोच माणूस आहे.

“ह्यो कोण?” नायनांनी विचारलं.

“मॅनेजर.”

“आन् आपला?”

“गेला.”

“कुटं गेला?”

ते मला तरी कुठं माहीत होतं? मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. त्या रात्रभर माझी चिडचिड चालली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मैत्रिणींना विचारलं, तर कुणी म्हणालं त्याला सिनेमा मिळाला, कुणी म्हणालं भांडून गेला. मी वाहिनीला पत्र लिहायला बसले, दोन पानं लिहिली आणि फाडली. आता सांगताना बालिशपणा वाटतो. पण घरातलं एखादं माणूस सांगून न सवरता निघून जावं आणि त्याचे कपडे घालून भलताच माणूस जेवायला बसावा, आणि आपण सोडून बाकी सगळ्यांनी त्याला वाढावं, असं काहीतरी मला झालं होतं. माझे पाय एका जागी ठरेनात.

आणि मग मी ते सुरू केलं. ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण नकळत झालं असंही नाही.

त्या आठवड्यातलाच भाग. एक प्रवासी सात नंबरची किल्ली मागतो. नवा मॅनेजर फळ्यापाशी जातो, किल्ली काढतो, परत अडकवतो, दुसरी काढतो, आणि म्हणतो, “सातची किल्ली आठला लागते, आठची नऊला. तुम्हाला नक्की झोपायचंय कुठं?” आणि तेवढ्यात अख्खा फळा खिळ्यावरून निसटून त्याच्या पायावर पडतो. टीव्हीतले हसले. अम्मा हसली, हातातली बिडी सुटली इतकी हसली. नायनांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“काय म्हनला?”

“किल्ली हरवली म्हणतोय,” मी म्हणाले.

नायना थांबले. हसण्यासारखं काही सापडेना म्हणून अम्माकडे बघून म्हणाले, “मग ती का हसायली?”

“तिला दुसरंच काहीतरी आठवलं.”

अम्मानं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सुटलेली बिडी उचलून परत वळायला लागली.

त्यानंतर नव्या मॅनेजरच्या वाट्याला माझ्याकडून ‘हो’, ‘नाही’, ‘बघतो’, ‘जेवायला चला म्हणतोय’ एवढंच येत गेलं. चांगली वाक्यं असली तर मी ती स्वयंपाकीणबाईच्या नाहीतर त्या गिऱ्हाइकाच्या तोंडी टाकायची. थोड्याच दिवसांत नायना म्हणाले, “ह्या माणसात दम न्हाय.” मला आतून बरं वाटलं. मी म्हणाले, “मी तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते.”

चौथ्या पर्वात लॉजचं हॉटेल झालं. पाच-सहा तरुण मुलंमुली आली, लिफ्ट आली, शनिवारी कुठल्या ना कुठल्या सिनेमाची जाहिरात करायला पाहुणे यायला लागले. एक वाक्य पुरं व्हायच्या आत तिघं बोलायची, त्यावर ढॅण ढॅण, त्यावर हसू. मला सांगणं जमेना. एक सांगेपर्यंत पडद्यावर चार होऊन गेलेली असायची. नायनांना ओठही धरता येईनात, कारण कॅमेराच एका तोंडावर थांबत नव्हता. ते गोंधळून माझ्याकडे बघायचे आणि मी घाईघाईनं काहीतरी बोलायची. त्या ‘काहीतरी’तूनच पुढचं सगळं झालं.

एके दिवशी त्या जुन्या गिऱ्हाइकाला एक पोरगी विचारते, तुम्ही इथून जाणार कधी? पुढे त्यानं काय उत्तर दिलं ते गोंगाटात मलाच कळलं नाही. नायना वाट बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी एका दिवसासाठी आलोय. तो दिवस अजून संपला नाही, त्यात माझी काय चूक?”

श्वासभर काही नाही. आणि मग नायना हसले. नेहमीसारखं बिनआवाजाचं नाही, चांगलं मोठ्यानं. डोळे पुसत म्हणाले, “लई भारी लिवतेत हे लोक.”

ते वाक्य त्यांनी टपरीवर नेलं. तिथं त्यांचा मागावरचा जुना जोडीदार असायचा, त्यांना मी चाचा म्हणते. दोघांनी बरीच वर्षं शेजारशेजारच्या मागांवर काढली होती. चाचांच्या घरीही लॉज बघायचे. वाक्य ऐकून चाचा म्हणाले, हे असं काही तो बोललाच नव्हता. दोघांची चांगलीच जुंपली. संध्याकाळी नायना घरी येऊन मला म्हणतात, “त्याला नीट ऐकू येत न्हाय आता.”

मी हसले. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशीसाठी नवीन वाक्य शोधायला लागले.

तोवर मला नोकरी लागली होती. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी संगणकावर शाळांची बोधचिन्हं काढते, म्हणजे शर्टाच्या खिशावर यंत्रानं भरतकाम करायचं त्याचा नकाशा तयार करते. समोर पडद्यावर कुठल्यातरी शाळेची मशाल नाहीतर उगवता सूर्य, आणि माझ्या डोक्यात लॉज. आज पाहुणा आला तर काय म्हणेल? मालकाचा फोन आला तर? दुपारच्या डब्याच्या वेळेला मी कापडाच्या चिंधीवर पेननं वाक्यं लिहून ठेवायची. सुचलं नाही की डोकं भणाणायचं. पाय टेबलाखाली हलत राहायचा, इतका, की शेजारची बाई म्हणायची, “अगं, शिलाई मशीनवर बस जा, निदान काम तरी होईल.” घरी उशीर झाला तर जीव वर-खाली. मी नसले तर नायना कुणाच्या तोंडून ऐकणार? एकदा ताप असताना पांघरूण घेऊन त्यांच्या कानाशी बसले होते. लोकांना वाटायचं मुलगी किती करते बापाचं. मलाही तसंच वाटायचं.

चाचा मधूनमधून त्यांना टोकायचे, हे कुठल्या भागात झालं, आम्ही नाही पाहिलं. नायना भांडून यायचे. पुढे पुढे त्यांनी चाचांना मालिकेबद्दल सांगायचंच सोडलं. हे मला फार नंतर कळलं.

मग नायनांनी काम सोडलं आणि त्याच वर्षी एका शिबिरात त्यांचे कान तपासले गेले. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाला मशीन लावलं तर बरंच ऐकू येईल. मशीन आलं. वालाच्या दाण्याएवढं, कानामागं बसणारं. पहिल्या दिवशी नायना घरभर हिंडत होते. कुकरची शिट्टी झाली तर दचकले. अम्माची कात्री पानातून कशी कर्रकर्र जाते ते जवळ बसून ऐकत राहिले. “एवडा आवाज करती ही?” म्हणाले. अम्मा लाजली. मी कौतुकानं बघत होते आणि मनात लॉज लागायला किती तास उरले ते मोजत होते.

संध्याकाळी लॉज लागलं. पाचवं पर्व चालू होतं. मी सवयीनं डाव्या बाजूला बसले, तर त्यांनी हातानं मला लांब केलं. “थांब, मी ऐकतो.” दहा मिनिटं ऐकलं आणि मशीन काढून ठेवलं. “खराब हाय. नुसतं कालवा ऐकू यायलंय.”

मी म्हणाले, “सवय व्हायला वेळ लागतो, नायना.” आणि परत कानाशी बसले. देवाशप्पथ, मला सुटल्यासारखं वाटलं.

पण सवय झाली. माणसं ऐकू यायला लागली, रस्ता ऐकू यायला लागला. आणि एका रविवारी दुपारी जुने भाग परत दाखवत होते, तिसऱ्या पर्वातले. मी आत कपड्यांना इस्त्री करत होते. बाहेर नायना मशीन लावून बसले होते आणि अम्मा तिच्या जागेवर होती. मला टीव्हीतला आवाज आला, “सातची किल्ली आठला लागते, आठची नऊला...”

मी इस्त्री उभी केली आणि दारात आले. तोवर वाक्य संपलं होतं. फळा पडला. अम्मा हसली आणि तिच्या बरोबरीनं, तिच्याच वेळेला, नायना हसले. मग हसता हसता थांबले.

ज्याला ऐकू येत नाही त्याला दिसलेलं पक्कं लक्षात राहतं. तो फळा पडताना त्यांनी आधी पाहिला होता. अम्माच्या हातातली बिडी सुटली होती तेही पाहिलं होतं.

“किल्ली हरवली म्हनली होतीस तू,” ते म्हणाले.

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

“व्हय का न्हाय?”

“हो.”

“अजून काय काय?”

मी सांगायला लागले. अडखळत, उभ्याउभ्याच. शनिवारचे पाहुणे काय म्हणायचे ते, मालकाचा फोन, त्या गिऱ्हाइकाचं एका दिवसाचं वाक्य. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा थोडा आणखी बंद होत गेला. शेवटी ते अम्माकडे वळले. “तुला म्हाईत होतं?”

“मला कान हैत,” अम्मा म्हणाली. “ती सांगायली, तुमी हसायलात. मी कशाला मधी पडू?”

नायना उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लॉजच्या वेळेला ते चौकात जाऊन बसायचे. टीव्ही बंद असायचा आणि मी घरात इकडून तिकडे फेऱ्या मारायची. अम्मा एकदा म्हणाली, “बस की एका जागी, सुपातली पानं उडायलीत.” बसणं होत नव्हतं. मी त्यांना फसवलं होतं का हसवलं होतं, हेच मला ठरवता येत नव्हतं, आणि जे ठरवेन त्याचं दुसऱ्या क्षणाला उलटं वाटायचं.

पाचव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, “गाडी काढ. टपरीवर जायचंय.”

मी स्कूटीवर त्यांना मागं बसवून अक्कलकोट रोडला नेलं. मार्च संपत आला होता, सकाळी दहालाच ऊन टोचत होतं. चहाची सुट्टी झाली होती आणि टपरीसमोर सायकली आडव्यातिडव्या लावलेल्या. चाचा बाकड्यावर बशीत चहा ओतून पीत होते. ते अजून कारखान्यात माग चालवत होते. नायना त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, “सांग.”

“काय सांगू?”

“मला जे सांगितलीस ते.”

सात-आठ माणसं होती. आतून मागांचा आवाज येत होता, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं. म्हणजे अपराध कबूल करायचा तर तोही ओरडून. “चाचा, ते एका दिवसाचं वाक्य मालिकेत नव्हतं. ते मी बनवलं होतं. नायना खोटं बोलत नव्हते, मी त्यांना तसं सांगितलं होतं.”

चाचांनी बशी खाली ठेवली. आधी माझ्याकडे, मग नायनांकडे बघितलं. आणि बाकड्यावर हात आपटून म्हणाले, “मैं तबीच बोला था! बोला था ना? मेरे कान अच्छे हैं करके बोला था!” त्यांना दुसऱ्या कशाशी देणंघेणंच नव्हतं. इतकी वर्षं आपण बरोबर होतो याचा त्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

नायना त्यांच्याशेजारी बसले. म्हणाले, “तुला बहिरा म्हनलो होतो मी.”

“म्हनला होतास.”

“चुकलं.”

“जाने दे,” चाचा म्हणाले. मग जरा पुढं वाकून मला विचारलं, “बेटी, वो सब तेरे थे? और है क्या एखादा?”

“मागू नको,” नायना म्हणाले, “ती खरंच देती.”

सगळे हसले. मीही हसायला गेले आणि रडूच आलं. चाचांनी माझ्या हातात चहाचा ग्लास दिला. तो भाजत होता, तरी मी तो तसाच धरून उभी राहिले.

मला वाटलं मिटलं. परत येताना रेल्वे फाटकापाशी गाडी थांबवावी लागली. ट्रकचा धूर, हॉर्न, नायनांच्या कानात मशीन. त्यांनी मागून विचारलं, “त्या नव्या माणसाचं काय?”

“कुठल्या?”

“मॅनेजर. एक दिवसाचं वाक्य माज्यासाठी केलंस, मान्य. पर त्याचं तू चोरलंस. त्यानं एवडं चांगलं बोलावं आन् तू मला म्हनावं किल्ली हरवली. मी बहिरा होतो. त्याला तू मुका करून ठेवलीस.”

फाटक उघडलं. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी गाडी चालू केली. त्या चार दिवसांत मी स्वतःला हजार गोष्टी विचारल्या होत्या, ही एक विचारली नव्हती. मी बापासाठी केलं, बापासाठी केलं म्हणत होते. पण सुरुवात बापासाठी नव्हती झाली. सुरुवात माझ्या रागानं झाली होती. एक माणूस गेला याचा राग मी दुसऱ्यावर काढला, आणि त्यासाठी ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांचा कान वापरला.

पुढच्या आठवड्यापासून आम्ही तिसरं पर्व पहिल्या भागापासून बघायला लागलो, माझ्या फोनवर. नायना मशीन लावून, फोन पितळेच्या तांब्याला टेकवून. मी शेजारी, तोंड बंद. किती अवघड असतं ते! जीभ सारखी पुढं यायची. नवा मॅनेजर पहिल्यासारखा नव्हताच. पहिला लोकांना झिडकारायचा, हा लोकांना समजून घ्यायला जायचा आणि त्यात घोटाळा करायचा. त्याचा विनोदच वेगळा होता, आणि मी पहिल्याच्या मापानं त्याला मोजत बसले होते. काही भागांत तो खरंच सपक होता. पण एका भागात एक म्हातारी रडत लॉजवर येते आणि हा तिला धीर देता देता स्वतःच इतका रडतो, की शेवटी तीच त्याला पाणी देते. ते मी पूर्वी एकदा बघितलं होतं. तेव्हा मी नायनांना सांगितलं होतं, “बिल मागतोय.”

मग आम्ही पहिलं पर्वही लावलं. मला वाटलं होतं नायना खुलतील. जुना मॅनेजर पडद्यावर आला, पान उलटलं, बोलला. नायनांनी भुवया उंचावल्या. “ह्याचा आवाज असा हाय?” खरंच, त्याचा आवाज पातळ होता, नाकातला. मला तो कधी पातळ वाटलाच नव्हता. नायनांनी तो आजवर ऐकलाच नव्हता. त्यांच्यासाठी तो माझ्या आवाजात बोलायचा. तीन भाग बघून ते म्हणाले, “बास. नवाच लाव.”

एवढं माझ्या जिव्हारी लागेल असं वाटलं नव्हतं. पण लागलं.

आता सहावं पर्व सुरू झालंय. मॅनेजरला दुसऱ्या गावी पाठवलंय आणि त्याच्या खुर्चीवर स्वयंपाकीणबाईला बसवलंय. पहिला भाग संपल्या संपल्या मी म्हणाले, “संपलं आता. काही राहिलं नाही यात.”

“कशावरून?” नायना म्हणाले. “तिला सगळं येतंय की. पयल्या दिवसापासून तीच लॉज चालवायलीय.”

“तिला विनोद जमत नाही, नायना.”

“जमतोय. तू ऐकत न्हाईस.”

“आणि मघाशी तिनं पाहुण्याला टॉवेल घडी करून दिला, ते काय होतं? त्यात हसण्यासारखं काय होतं?”

“टॉवेल उलटा होता तो. मी जन्मभर टॉवेल विणलो, मला सांगतीस?”

अम्मा म्हणाली दोघं जरा हळू बोला, तिला मधलं ऐकू आलं नाही. आम्ही हळू झालो नाही. नायना म्हणाले, उद्या परत बघू मग सांग. मी म्हणाले, बघायची गरज नाही. ते म्हणाले, बघावं लागंल. चहा उतू गेला तो अम्मानं उठून उतरवला.